‘पीएच ७.७५’ एकच, पाणी दोन: समुद्राच्या आम्लीकरणावरच्या एका प्रयोगाचं प्रकरण

परिस्थिती

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग. जानेवारीत तिथे शिणाण्यांच्या, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांच्या, पिल्लांवर प्रयोग झाला. प्रश्न असा होता की हवेतला कार्बन डायऑक्साईड वाढून समुद्राचं पाणी आणखी आम्लधर्मी झालं, तर शिंपल्याची वाढ मंदावते का? जुलैत दुसऱ्या विद्यार्थिनीने तीच लेखी कृती हाताशी घेऊन प्रयोग पुन्हा केला. निकाल जुळला नाही.

हे प्रकरण कुण्या एका संस्थेचं नाही. अशा प्रयोगशाळांत वारंवार होणाऱ्या चुका एकत्र करून ते अभ्यासासाठी उभं केलं आहे. त्यातले रासायनिक आकडे मात्र समुद्राच्या कार्बोनेट समीकरणांनी काढलेले आहेत, त्यामुळे कुणीही ते ताडून पाहू शकतं.

दोन्ही फेऱ्यांची मांडणी सारखीच होती. १५ ते २० मिलिमीटर लांबीची पिल्लं, ५ लिटरच्या काचेच्या बरण्या, कंट्रोलच्या (तुलनेसाठी साधं पाणी असलेल्या) सहा आणि आम्ल गटाच्या सहा, प्रत्येक बरणीत दहा पिल्लं, तापमान २७ अंश, मुदत २८ दिवस. पहिल्या फेरीत कंट्रोलचा पीएच ८.०५ आणि आम्ल गटाचा ७.७५ नोंदला होता. कंट्रोलची पिल्लं सरासरी २.४ मिलिमीटर वाढली, आम्ल गटातली १.५. दुसऱ्या फेरीत पीएच ७.९५ आणि ७.७५ होता, वाढ १.४ आणि १.२ मिलिमीटर, आणि फरक ‘लक्षणीय नाही’.

अशा वेळी पहिला संशय दुसऱ्या फेरीवर जातो, कारण पहिल्या निकालाचा पेपर छापायला पाठवलेला असतो. इथे खरं तर दुसऱ्या विद्यार्थिनीचं जर्नल जास्त नीट होतं. तिने पीएच मीटरचे रोजचे मिलिव्होल्ट लिहिले होते, पाण्याच्या खारेपणाची नोंद ठेवली होती, मीठ घातल्याचंही लपवलं नव्हतं. पुढची सगळी उकल त्या जर्नलमुळे आणि स्टोअररूममध्ये उरलेल्या दोन सीलबंद कॅनमुळे झाली. एका कॅनमध्ये जानेवारीचं पाणी होतं, दुसऱ्यात जुलैचं. बंद कॅनमधल्या पाण्याचा पीएच महिन्याभरात बदलतो. एकूण अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) मात्र बाष्पीभवन झालं नाही आणि आत चुना साचला नाही, तर जवळपास तशीच राहते. म्हणून जुनं पाणी फेकू नये.

पीएच कुठल्या पट्टीवर मोजला?

पहिल्या फेरीत मीटर ७.०० आणि १०.०१ च्या नेहमीच्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणांवर, लावला होता. हे बफर गोड्या पाण्यासाठीच्या एनबीएस (अमेरिकेचं नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स) पट्टीचे असतात. दुसऱ्या विद्यार्थिनीने कृत्रिम समुद्रपाण्यात केलेला ट्रिस बफर वापरला. तो ‘टोटल’ पट्टीचा असतो आणि समुद्ररसायनात तीच पट्टी चालते. कृतीच्या कागदावर फक्त ‘पीएच ७.७५ ठेवावा’ असं लिहिलेलं. पट्टीचा उल्लेख नाही.

एनबीएस बफरमध्ये क्षार अगदी थोडे असतात. इलेक्ट्रोड त्यातून काढून खाऱ्या पाण्यात बुडवला की त्याच्या सच्छिद्र जोडावरचं विभव सरकतं. शिवाय टोटल पट्टीत सल्फेटला चिकटलेले हायड्रोजन आयनही मोजलेले असतात. दोन्हींचा परिणाम म्हणून एनबीएसवरचा आकडा टोटलपेक्षा साधारण ०.१ ते ०.१५ ने मोठा येतो. नेमका किती, ते इलेक्ट्रोडागणिक बदलतं. त्यामुळे पुस्तकातला आकडा घेऊन दुरुस्ती करून चालत नाही.

पडताळणी सोपी आहे. जुना इलेक्ट्रोड ७.०० आणि १०.०१ वर लावा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिश्यूने फक्त टिपून घ्या (पुसू नका) आणि २५ अंशांच्या ट्रिस बफरमध्ये ठेवा. ३५ खारेपणाच्या (किलोत सुमारे ३५ ग्रॅम क्षार) ट्रिसचा टोटल पीएच २५ अंशांना ८.०९ असतो. इथे मीटरने ८.२२ दाखवला, म्हणजे फरक ०.१३. इलेक्ट्रोड मधल्या महिन्यांत जुना झालेला असल्याने या ०.१३ ला थोडी अनिश्चितता चिकटलेली आहे, पण दिशा आणि आवाका कळायला एवढं पुरतं.

आता पहिल्या फेरीचे आकडे पुन्हा लिहू. आम्ल गटाचा ७.७५ हा टोटल पट्टीवर ७.६२ होता. कॅनमधल्या पाण्याची अल्कता किलोला २३०० मायक्रोमोल आणि खारेपणा ३५ आला. त्यावरून कार्बन डायऑक्साईडचा आंशिक दाब सुमारे १२४० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर निघतो. तोच ७.७५ टोटल पट्टीवर असता, तर सुमारे ८८० निघाला असता. छापायला पाठवलेल्या पेपरात ‘शतकाअखेरच्या परिस्थितीची नक्कल’ असं वाक्य होतं. प्रत्यक्षात बरणीतली परिस्थिती त्याच्या बरीच पुढची होती.

तापमानाची एक वेगळी गल्लत इथेच सांगायला हवी. मीटरची स्वयंचलित तापमान-भरपाई फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते. बफरचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, ते तिला कळत नाही. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने घटतो: २५ ला ८.०९, २८ ला ८.००. जानेवारीच्या सकाळी टेबलावर पडलेली ट्रिसची बाटली २२ अंशांवर असते आणि बरणी २७ वर. बाटली तशीच वापरली, तर ०.१५ ची चूक फुकट मिळते. बाटली आधी तासभर बरणीच्याच पाण्यात बुडवून ठेवायची.

खोलीतली हवा, आणि कोल्हापूरची उंची

कंट्रोलचा पीएच ८.०५ पाहून कुणाला शंका आली नाही, कारण समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच आज सरासरी ८.१ च्या आसपास असतो हे सगळ्यांना पाठ आहे. पण तोही आकडा एनबीएसचा होता. टोटल पट्टीवर तो ७.९२ होतो आणि दाब निघतो सुमारे ५६० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर. बाहेरची हवा सोडलेल्या पाण्यात एवढा येऊच शकत नाही.

कारण एअर पंपाच्या तोंडाशी सापडलं. पंप प्रयोगशाळेच्या आतली हवा ओढत होता. थंडीमुळे खिडक्या बंद, प्रॅक्टिकलला पंचवीस-तीस मुलं. काही हजार रुपयांत मिळणारा इन्फ्रारेड कार्बन डायऑक्साईड मीटर ठेवल्यावर अशा वेळी खोलीत सरासरी ६२० पीपीएम दिसलं. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० पीपीएम असतं.

पीपीएमचं दाबात रूपांतर करताना कोल्हापूर मध्ये येतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब सुमारे ०.९४ अ‍ॅटमॉस्फिअर भरतो. त्यातून २७ अंशांच्या पाण्यावरच्या बाष्पाचा ०.०३५ वजा करायचा. उरलेल्या ०.९० ने ६२० ला गुणलं की ५६० येतात. पीएचवरून काढलेला आकडा आणि हवेवरून काढलेला आकडा, दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच जागी बसले. ०.१३ चा फरक खरा असल्याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. पट्टीच्या चुकीने आकडा वर ढकलला होता, खोलीतल्या हवेने पीएच खाली ओढला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि मीटरवर निर्दोष ८.०५ उमटला.

उंचीचा हिशेब बहुतेक मार्गदर्शिकांत ठळकपणे येत नाही, कारण त्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांनी लिहिलेल्या आहेत. ४२० पीपीएमची तीच स्वच्छ हवा रत्नागिरीत पाण्याला सुमारे ४०५ मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर देते आणि कोल्हापुरात ३८०. पीएचमध्ये हा फरक ०.०२ च्या थोडा वर जातो. समुद्र-आम्लीकरणाच्या जागतिक निरीक्षण जाळ्याने ‘हवामान’ दर्जाच्या मोजणीसाठी पीएचची जी अनिश्चितता मान्य केली आहे तीही ०.०२ च आहे, आणि दीर्घकालीन बदल पकडणाऱ्या ‘जलवायू’ दर्जासाठी ०.००३. म्हणजे नुसतं घाट चढून आल्याने पहिल्या दर्जाची सगळी मुभा संपते. प्रयोगाला त्याने बाधा येत नाही. फक्त पेपरात पीपीएम न लिहिता मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर लिहावेत आणि त्या दिवसाचा हवेचा दाबही नोंदवावा.

मीठ घालून केलेला समुद्र

दुसऱ्या फेरीचं पाणी रत्नागिरीहून, भाट्याच्या किनाऱ्यावरून, पहिल्याच जागेवरून आणलं होतं. पण जुलैत काजळी नदी भरून वाहत असते. ओहोटीला तिथलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर २४ भरलं. कृतीत ‘खारेपणा ३४–३५’ असं लिहिलेलं, म्हणून विद्यार्थिनीने लिटरला साधारण १० ग्रॅम आयोडीन नसलेलं खडेमीठ घातलं आणि रिफ्रॅक्टोमीटर ३४ वर आणला. कृतीत सांगितलं तसंच तिने केलं.

रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रकाश किती वळला ते सांगतो. क्षार कुठला, हे तो सांगत नाही. खडेमीठ जवळपास पूर्ण सोडियम क्लोराईड असतं. त्याने बायकार्बोनेट वाढत नाही, कॅल्शियम वाढत नाही, बोरेटही वाढत नाही. कॅनमधल्या पाण्याची अल्कता १७०० निघाली, जानेवारीत ती २३०० होती. जांभ्या दगडाच्या प्रदेशातून येणाऱ्या नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट मुळातच कमी असतं. त्यामुळे नदी मिसळली की अल्कता खारेपणाच्याच मागोमाग खाली येते.

कॅल्शियम रसायनशास्त्र विभागात मोजलं. कॅल्शियमला पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाच्या नेहमीच्या अनुमापनाने समुद्रपाण्यात गडबड होते. तिथे मॅग्नेशियम कॅल्शियमच्या पाचपट असतं, आणि पीएच १२ वर नेऊन त्याचा साका पाडला तर तो थोडं कॅल्शियमही सोबत ओढून नेतो. त्याच्याच जातीचं ईजीटीए वापरलं की मॅग्नेशियमचा अडथळा बराच टळतो. आकडा आला किलोला सुमारे ७ मिलिमोल. ३५ खारेपणाच्या खऱ्या समुद्रात तो १०.३ असतो.

शिंपल्याच्या कवचाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या गुणाकारातून येणारं अ‍ॅरागोनाईटचं (कवचातल्या चुन्याच्या एका रूपाचं) संपृक्ततेचं गुणोत्तर. ते १ च्या खाली गेलं की उघडं कवच पाण्यात विरघळू लागतं. चारही गटांसाठी ते काढलं तेव्हा चित्र उलटंच झालं. पहिल्या फेरीचा कंट्रोल सुमारे २.९, आम्ल गट १.६. दुसऱ्या फेरीचा कंट्रोल सुमारे १.५, आम्ल गट १.१ च्या आत-बाहेर. जुलैचा ‘निरोगी’ कंट्रोल आणि जानेवारीचा ‘आम्लपीडित’ गट रासायनिकदृष्ट्या शेजारी आहेत. त्यांची वाढही शेजारीच आहे: १.४ आणि १.५ मिलिमीटर.

गणकप्रणालीचा एक सापळा इथे लक्षात ठेवावा. कार्बोनेट रसायन सोडवणारी सीओटूसिस ही प्रणाली खारेपणा दिला की बोरॉन आणि कॅल्शियम त्या प्रमाणात गृहीत धरते. मीठ घातलेल्या पाण्याचा खारेपणा ३४ म्हणून भरला, तर जुलैच्या आम्ल गटाचं गुणोत्तर सुमारे १.५ येतं. मोजलेल्या कॅल्शियमवरून ते १.१ च्या जवळ येतं. प्रणाली बरोबरच असते. तिला खोटा खारेपणा सांगितलेला असतो.

पावसाळ्यात गोडं झालेलं पाणी वापरायचंच असेल, तर ते २४ वरच ठेवून प्रयोगाला ‘खाडीच्या पाण्यातला’ म्हणावं. नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी भरून ठेवावं. साठवणीला काळी एचडीपीई प्लास्टिकची टाकी घ्यावी. सिमेंटच्या टाकीतून चुना झिरपतो, अल्कता हळूहळू चढते आणि महिनाभराने कंट्रोल कुठल्या समुद्राचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

सहा बरण्या, पण टाकी एकच

रसायनाचा गुंता सुटला तरी आकडेवारीचा उरतोच, आणि तो दोन्ही फेऱ्यांत सारखा आहे. आम्ल गटाच्या सहाही बरण्यांना एकाच २०० लिटरच्या टाकीतून पाणी जात होतं. कंट्रोलच्या सहांना दुसऱ्या टाकीतून. विश्लेषणात मात्र ६० पिल्लांची ६० पिल्लांशी टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी) केली होती. त्या टाकीत जिवाणू वाढले, पंप मंदावला किंवा ती खिडकीजवळ म्हणून दीड अंश गरम राहिली, तर सगळी ६० पिल्लं एकदम बदलतात. स्वतंत्र एककं प्रत्येक गटात एकच. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला आभासी पुनरावृत्ती म्हटलं. तरीही चूक गेलेली नाही. कॉर्नवॉल आणि हर्ड यांनी २०१६ मध्ये समुद्र-आम्लीकरणावरचे ४६५ अभ्यास तपासले. त्यांतल्या ९५ टक्क्यांत एककं एकमेकांवर अवलंबून होती, किंवा ती यादृच्छिक मांडलेली नव्हती, किंवा ठरवता येईल इतका तपशीलच दिलेला नव्हता.

म्हणून दुसऱ्या फेरीचं ‘फरक लक्षणीय नाही’ हे ‘परिणाम नाही’ असं वाचता येत नाही, आणि पहिल्या फेरीचं ‘लक्षणीय’ही सिद्ध म्हणून घेता येत नाही.

वजनाने लहान पण दिशा बदलू शकणाऱ्या आणखी दोन गोष्टी. खाद्य म्हणून कीटोसेरॉस शैवाल ‘पुरेसं’ घातलं होतं, पेशी मोजल्या नव्हत्या. जर्मनीतल्या कीलच्या उपसागरातल्या शिंपल्यांवर २०१३ मध्ये छापून आलेल्या कामात खाद्याच्या उपलब्धतेचा परिणाम आम्लीकरणाहून मोठा निघाला होता. भरपूर खायला मिळालं तर प्राणी कवच बांधण्याचा वाढीव खर्च सोसतो. म्हणजे दोन फेऱ्यांत खाद्य वेगळं पडलं असेल, तर तेवढ्यानेही निकाल फिरू शकतो. दुसरं, मोजणाऱ्याला कुठली बरणी कुठल्या गटाची हे माहीत होतं. व्हर्नियर किती दाबायचा हे हातावर असतं आणि १५ मिलिमीटरच्या कोवळ्या कवचावर दशांश मिलिमीटर सहज इकडचा तिकडे होतो.

माशांच्या वर्तनाचा वाद इथे का आठवावा

या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला वाद नेमका ‘तुम्ही तोच प्रयोग केला का’ याच मुद्द्यावर अडला. २००९ पासून ऑस्ट्रेलियातून एकामागून एक निबंध आले, ज्यांत आम्लीकरणाने प्रवाळबेटांवरच्या माशांची वास ओळखण्याची शक्ती बिघडते असं दिसत होतं. परिणाम प्रचंड होते. तीन वर्षं सहा प्रजातींचे ९०० हून अधिक मासे तपासून क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की असा परिणाम त्यांना सापडला नाही. मूळ गटाने त्याच वर्षी उत्तर दिलं की प्रजाती, वय आणि पद्धती वेगळ्या असल्याने ही खरी पुनरावृत्तीच नव्हे. २०२२ मध्ये क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी अशा ९१ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. सुरुवातीचे मोठे परिणाम पुढच्या वर्षांत आक्रसत जवळपास शून्यावर आले होते, आणि मोठे परिणाम दाखवणारे अभ्यास बहुधा लहान नमुन्यांचे होते.

यातून कार्बोनेट रसायनाबद्दल काही शंका निघत नाही. समुद्राचा पीएच औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ वर आला आणि हायड्रोजन आयन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, यावर वाद नाही. वाद प्राण्याच्या प्रतिसादाबद्दलचा आहे. आणि ‘पद्धत वेगळी होती’ या उत्तराला तपासण्याजोगं वजन तेव्हाच येतं जेव्हा दोन्ही बाजूंनी पद्धत पुरती लिहिलेली असते. कोल्हापूरच्या प्रकरणात मिलिव्होल्ट आणि मिठाचे ग्रॅम लिहिले होते म्हणून उत्तर सापडलं. नसते, तर दोन विद्यार्थ्यांचा एकमेकांवरचा अविश्वास एवढंच हाती राहिलं असतं.

तिसऱ्या फेरीची मांडणी

नुसती पहिली कृती ‘नीट’ करून भागणार नाही. चार गटांची वाढ संपृक्ततेच्या क्रमाने लागते, पण त्याच क्रमाने ऋतू, पिल्लांची तुकडी आणि खाद्यही बदललेलं आहे. ते सुटं करायला दोन घटकांची मांडणी हवी: अल्कता २३०० आणि १७००, आणि प्रत्येकीत बाहेरची हवा व वाढवलेला कार्बन डायऑक्साईड. पाणी एकाच खेपेचं, उन्हाळ्यातलं. अल्कता उतरवण्यासाठी २० लिटरला १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १२.३ मिलिलिटर घालावं आणि चोवीस तास हवा सोडावी, म्हणजे आम्लाने मोकळा केलेला कार्बन डायऑक्साईड निघून जातो. कॅल्शियम जागेवर राहतं, त्यामुळे मीठ घातल्याने झालेला गोंधळ पुन्हा होत नाही.

एककं: प्रत्येक जुळणीत २० लिटरच्या सहा स्वतंत्र बादल्या, एकूण २४. प्रत्येकीला स्वतःचा वायुदगड आणि स्वतःची झडप. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. सहा-सहाच्या साध्या तुलनेत फरक प्रमाणविचलनाच्या सुमारे १.८ पट असेल तरच ८० टक्के शक्यतेने पकडला जातो. दोन घटकांच्या मांडणीत प्रत्येक पातळीला बारा एककं मिळतात आणि ही मर्यादा १.२ पर्यंत उतरते. एका पटीचा फरक पकडायचा, तर प्रत्येक बाजूला १७ लागतील. विभागाला ते झेपणार नसेल, तर तसं लिहावं. ‘लहान परिणाम आम्हाला दिसले नसते’ हे लिहिण्यात लाज नाही.

पाणी: भरायला ४८० लिटर आणि आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा बदलायला चार आठवड्यांत आणखी ९६०. म्हणजे साधारण १५०० लिटर, एका टेम्पोत. ते भरतीच्या वेळी, शक्यतो खाडीच्या तोंडापासून दूर, रत्नागिरीतल्याच मिऱ्याच्या बाजूने घ्यावं. पावसाळ्यात पुन्हा पाणी आणू, असं गृहीत धरू नये. पंचगंगेचं पाणी चढलं की रत्नागिरीचा रस्ता केर्लीजवळ बंद होतो आणि पाणीबदल नेमका तेव्हाच अडतो.

वायू: शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना साच्याची वाळू घट्ट करायला कार्बन डायऑक्साईड लागतो, त्यामुळे सिलिंडरची ददात नाही. विजेवर चालणारी सोलेनॉईड झडप ‘नॉर्मली क्लोज्ड’च, म्हणजे वीज नसताना बंद राहणारी, घ्यावी. वीज गेली की एअर पंप थांबतो. झडप उघडी राहिली, तर ढवळ नसलेल्या पाण्यात नुसता वायू शिरून पीएच तासाभरात ६ च्या खाली जाऊ शकतो आणि सकाळी बादलीत मेलेली पिल्लं मिळतात. हवा छतावरून नळीने आणावी, खोलीतली नाही.

पीएच: टोटल पट्टी, ट्रिस, रोज सकाळी आणि संध्याकाळी. सकाळचा एकच आकडा पुरत नाही, कारण रात्रभरच्या श्वसनाने आणि दुपारच्या उष्णतेने दिवसात मोठा झोका बसतो. मिलिव्होल्ट लिहायचे आणि पीएच हिशेबाने काढायचा: ट्रिसच्या मिलिव्होल्टमधून नमुन्याचे वजा, त्याला २७ अंशांना ५९.६ ने भाग, उत्तर ट्रिसच्या त्या तापमानाच्या पीएचमध्ये मिळवा. ट्रिस घरी करता येतो: कृत्रिम समुद्राच्या क्षारांसोबत एक किलो पाण्याला ९.६९ ग्रॅम ट्रिस आणि ०.०४ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल. रसायनशास्त्र विभागात चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल, तर आठवड्यातून एकदा मेटा-क्रेसॉल पर्पल रंगद्रव्याने ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरवर पडताळणी करावी. इलेक्ट्रोड घसरत असेल तर तो तिथे पकडला जातो.

अल्कता: हेच काम महागड्या यंत्राविना होणार नाही असं समजून सोडून दिलं जातं. १०० ग्रॅम नमुन्याला ०.१ नॉर्मल आम्ल जेमतेम २.३ मिलिलिटर लागतं. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.०५ ची वाचनचूक म्हणजे किलोला ५० मायक्रोमोल, म्हणून ब्युरेट बाजूला ठेवावा. आम्ल प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून आधी आणि नंतर वजन करावं. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ही चूक १ मायक्रोमोलवर येते. आम्ल ०.६ मोलर सोडियम क्लोराईडच्या द्रावणात करावं. पहिल्या टप्प्यात पीएच ३.५ ते ४ च्या दरम्यान आणून काही मिनिटं हवा सोडायची, मग थोडं थोडं घालत ३ पर्यंत जायचं आणि त्या भागातल्या बिंदूंवरून ग्रान पद्धतीने (त्यांची सरळ रेषा मागे वाढवून) अंत्यबिंदू काढायचा. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचं प्रमाणित संदर्भपाणी (अल्कता आधीच माहीत असलेलं) आयात करावं लागतं आणि महाग पडतं. एकच बाटली घेऊन तिच्यावरून आपल्या साठ्यातल्या पाण्याच्या बाटल्या प्रमाणित कराव्यात आणि रोज त्यांतली एक वापरावी. त्या टिकवायला २५० मिलिलिटरला ५० मायक्रोलिटर संपृक्त मर्क्युरिक क्लोराईड पुरतं. हे जहाल विष आहे. उरलेलं पाणी बेसिनमध्ये न ओतता घातक कचऱ्याच्या कॅनमध्येच जायला हवं.

मोजणी: बादल्यांवर गटाचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. यादी प्रयोगशाळा सहायकाकडे बंद पाकिटात. कवचाची लांबी पट्टी ठेवून काढलेल्या फोटोवरून इमेज-जे या संगणकप्रणालीत मोजायची, म्हणजे दुसऱ्याला तेच फोटो पुन्हा मोजता येतात. कुठली चाचणी लावायची, मेलेली पिल्लं हिशेबात कशी धरायची, हे पाकीट उघडण्याआधी तारखेसह लिहून ठेवायचं.

पहिल्या दोन फेऱ्यांतून काय राहतं

पहिल्या फेरीचा निबंध मागे घ्यायची गरज नाही, पण त्यातली पद्धतीची बाजू बदलावी लागेल. ‘पीएच ८.०५ आणि ७.७५’ च्या जागी ‘टोटल पट्टीवर अंदाजे ७.९२ आणि ७.६२, इलेक्ट्रोडच्या नंतरच्या पडताळणीवरून’. ‘आजची आणि शतकाअखेरची परिस्थिती’ च्या जागी ‘सुमारे ५६० आणि १२४० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर’. आणि एककं प्रत्येक गटात एक असल्याने टी-चाचणीचा आकडा काढून फक्त सरासरी व पसारा. दुसऱ्या फेरीच्या प्रबंधातून ‘आम्लीकरणाचा परिणाम आढळला नाही’ हे वाक्य जाईल. त्या जागी मीठ घातलेल्या पाण्याची अल्कता, मोजलेलं कॅल्शियम आणि संपृक्ततेचं १.५ व १.१ हे गुणोत्तर येईल. दोन्ही फेऱ्यांचे चार बिंदू एका आलेखावर मांडायला हरकत नाही, पण त्यातून रेषा ओढू नये. त्या रेषेत जानेवारी आणि जुलैही मिसळलेले आहेत.